पेरूतल्या राजकन्येची शेवटची तीन पानं

चौकट १

वरून पाहिलं तर राजा म्हणजे एक गोल. गोलात पगडीचे पेच, मधोमध तुऱ्याचा ठिपका, दोन्ही बाजूंना खांद्यांचे फुगवटे आणि राजा चालत असेल तर पुढे मोजडीचं एक टोक. राणी म्हणजे त्याहून लहान गोल आणि त्यात भांगाची रेघ. घोडा मात्र वरून फार छान दिसतो, एखाद्या लांबट तळ्यासारखा.

"मामा, राजकन्येला तोंड का नाही?" राजनंदिनीने माझं चित्र बघून फोनवर विचारलं.

"आहे ना. खाली आहे. आपण वर आहोत."

"आपण वर का आहोत?"

मी तेवीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतो. सरकारी भाषेत भूकरमापक. माझ्या नकाशात विहीर गोल असते, झाड गोल असतं, ओढा म्हणजे दोन वाकड्या रेघा. माणूस नसतोच. माणूस येतो तो उजव्या कोपऱ्यात, सहीपुरता. असल्या माणसाने ग्राफिक नॉव्हेल काढायला घेऊ नये, असं माझ्या बायकोचं मत होतं आणि ते तिने मला न विचारता सांगितलं.

राजनंदिनी माझ्या धाकट्या बहिणीची, पूजाची मुलगी. वय नऊ, मुक्काम श्रीरामपूर. ती सायकलवरून पडली आणि पायाला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. भेटायला गेलो तेव्हा मी बोलून गेलो, "रडू नकोस. तुझं प्लास्टर निघायच्या आत मामा तुला अख्खं चित्रांचं पुस्तक करून देईल. आम्हाला लहानपणी मालनबाई गोष्ट सांगायच्या ना, पेरूतल्या राजकन्येची, तीच." हे मी पूजा, तिचे यजमान, तिच्या सासूबाई आणि प्लास्टर बघायला आलेले डॉक्टर एवढ्यांच्या समक्ष बोललो. पंचनाम्यालासुद्धा इतके साक्षीदार लागत नाहीत.

चौकट २/१

गोष्ट अशी. एका राजकन्येला चेटकिणीने पेरूत कोंडलं. का कोंडलं ते मालनबाई दर वेळी वेगळं सांगायच्या. कधी राजकन्येने ताक दिलं नाही म्हणून, कधी दिलं पण आंबट दिलं म्हणून. तो पेरू एका झाडावर, झाड एका बागेत आणि अशा बागा सात. पेरू तोडायचा नाही, कापायचा नाही. राजकन्येच्या भावाने झाडाखाली उभं राहून तिला लहानपणीच्या नावाने हाक मारायची, तरच पेरू उघडणार. भाऊ निघतो. प्रत्येक बागेत एक पोपट त्याला वाट सांगतो आणि प्रत्येक पोपट खोटं सांगतो. भावाच्या मोजड्या झिजतात, घोडा म्हातारा होतो. सातव्या बागेत उजेड हिरवा असतो, पानापानांतून गाळून आलेला. त्या उजेडात भाऊ झाडाखाली उभा राहतो, मान वर करतो, तोंड उघडतो, आणि

चौकट २/२

(ही चौकट कोरी आहे.)

चौकट ३

हे कोरेपण माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते हैदरभाईंच्या लक्षात आलं.

हैदरभाईंचा नगरमध्ये छापखाना आहे. गावाचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, त्याच्या नव्या पाट्याही त्यांनीच छापल्या. पण तोंडात त्यांच्याही अजून नगरच आहे. त्यांनी माझी पानं टेबलावर पसरली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोजली.

"साहेब, एकोणतीस."

"हो."

"एकोणतीस पानांचं पुस्तक होत नाही. चाराच्या हिशेबात लागतात. अठ्ठावीस करा, नाहीतर बत्तीस."

"एक कमी करू?"

"करा की. हे शेवटचं काढा. नाहीतरी काय आहे यात? एक ठिपका. ठिपक्यासमोर एक मोठा ठिपका."

"तो भाऊ आहे. मोठा ठिपका म्हणजे झाड."

हैदरभाईंनी पान डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं. "बरं. मग? हाक मारली का त्याने?"

मी तोंड उघडलं. आणि सातव्या बागेतल्या त्या भावासारखा तसाच उभा राहिलो. मला पुढचं माहीतच नव्हतं. मालनबाईंची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली होती आणि शेकडो वेळा सातव्या बागेत झोपलो होतो. तिथून पूजाला फोन लावला.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "मी तर तिसऱ्या बागेतच झोपायचे. तू सांगायचास मला सकाळी, की तुला शेवट माहीत आहे म्हणून."

"मी?"

"आणि त्याबद्दल माझ्या वाटणीचं बिस्किट घ्यायचास."

चौकट ४

आमच्या वरच्या मजल्यावर कानिफनाथ राहतात, बँकेतून निवृत्त. त्यांना जिन्यात सगळं कळतं. ते म्हणाले, "शेवट नसला तर तात्पर्य टाका. मुलांच्या पुस्तकात तात्पर्य हवंच. फळं धुऊन खावीत, असं टाका." दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी सुचलं. राजकन्येकडे मोबाईल द्यावा, म्हणजे भावाला लोकेशन पाठवता येईल आणि सात बागांऐवजी एकाच बागेत काम भागेल. छपाईही वाचेल. तिसऱ्या दिवशी मी जिन्याने न जाता गच्चीवर लपलो, तर ते गच्चीवर वाळवणाला आले होते.

मालनबाई होत्या देवळाली प्रवऱ्याला. आमचे वडील साखर कारखान्यात हेडक्लार्क होते तेव्हा मालनबाई आमच्याकडे कामाला यायच्या आणि दिवेलागणीला आम्हा दोघांना निजवूनच घरी जायच्या. मी रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात खोटं लिहायची सवय नाही म्हणून लिहिलं : "परीकथेचा शेवट मिळवणेकामी." साहेबांनी शेरा मारला : "शेवट मिळाल्याचा पुरावा हजर होताना जोडावा."

चौकट ५/१

मी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मालनबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. आता त्यांना एका डोळ्याने धूसर दिसतं, पण माझी स्कूटर त्यांनी आवाजावरून ओळखली.

"राधू! लई वाळला रं. बायकू जेवू घालत न्हाई व्हय?"

माझं नाव राधाकृष्ण. राधू म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलंय. मी पाया पडलो आणि विषयाला हात घातला.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "दिवा लागू दे."

"आत्ता सांगा ना. मला परत जायचंय."

"दिसा गोष्ट सांगितली तर ऐकनाऱ्याचा मामा वाट चुकतो. येवडा सायेब झाला आन येवडं म्हाईत न्हाई?"

"माझे तिन्ही मामा वारले, मालनबाई. चुकायला कोणी शिल्लक नाही."

त्यांनी दोन शेंगा फोडेपर्यंत विचार केला. "वरच्या वाटंला बी फाटे आस्त्यात."

आता माझ्याकडून जे घडलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सरकारी नोकराने घटनाक्रम लपवू नये. मी म्हटलं, ऊन फार आहे, आत बसू. आत गेल्यावर दार लोटलं. खिडकीला वाकळ अडकवली. कौलातल्या फटीत टॉवेल कोंबला. देवापुढची समई लावली. खोलीत खरंच संध्याकाळ उतरली. मालनबाई मांडी घालून बसल्या, त्यांच्या सुरकुत्यांत समईचा उजेड हलायला लागला आणि मला एकदम चाळीस वर्षांपूर्वीसारखी जांभई आली.

"झाली रात्र," मी म्हणालो.

"झाली म्हनायची," त्या म्हणाल्या. "तर एक हुता राजा..."

तेवढ्यात शेजारच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली. दीडशे पोरं एकदम ओरडली. कुणीतरी आमच्या भिंतीवर चेंडू मारला.

"राधू," मालनबाई शांतपणे म्हणाल्या, "रातच्याला साळा सुटती व्हय?"

त्याच क्षणी वाकळ सुटली आणि माझ्या डोक्यावर पडली. वाकळीखालून मी जे काही बोललो ते मलाच ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

चौकट ५/२

वाकळीतली धूळ धुवायला मी मागच्या नळावर गेलो. मोबाईल घरातच राहिला. परत येऊन पाहतो तर मालनबाई फोन कानाला लावून बोलत होत्या, डोळे मिटलेले, एक हात हवेत.

"...आन सहाव्या बागंतला पोपट म्हनला, डाव्या हाताला जा. त्यो गेला डाव्या हाताला. थितं काय? काटंच काटं!"

फोन राजनंदिनीचा होता, तोही व्हिडिओ कॉल. तिला अख्खी गोष्टभर फक्त मालनबाईंचा कान दिसला होता. तिने मला नंतर सांगितलं की तुझ्या चित्रांपेक्षा कान चांगला होता, कानात बुगडी तरी होती.

मी फोन घेतला. मालनबाईंनी डोळे उघडले, बाहेरचं ऊन बघितलं आणि हात तोंडावर नेला.

"आगं बया. पोरीनं म्हटलं सांग, आन मी सांगत बसले. भर दुपारची." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीचा मामा कोन?"

"मीच."

"मंग आता संबाळून जा रं बाबा."

"मालनबाई, मी भूकरमापक आहे. मी वाट चुकत नाही. मी लोकांना दाखवतो."

शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सारलं.

"त्यो बी आसंच म्हनायचा," त्या म्हणाल्या. "पुंजाभाऊ. माजा भाऊ. बावीस वर्सं झाली. थोरलीला ताप आल्ता. रडायला लागली म्हनून दुपारच्याच पारी हीच गोष्ट सांगितली मी तिला. चार दिसांनी माज्या पोरांचा मामा वाट चुकला, त्यो आजपातूर. दिवाळी न्हाई, भाऊबीज न्हाई, पोरींच्या लग्नाला न्हाई. माज्या जिभंनं झालं सगळं."

"पण ते आहेत कुठे?"

"आस्तोय कुटं? राहात्याजवळ. बापाच्याच रानात. माजी वाटनी मोजली न्हवं, त्या दिसापासून बोलत न्हाई."

"आणि गोष्टीचा शेवट?"

"मला कुटं येतोय? आई सांगायची तवा मी झोपून जायची. पुंजाभाऊ थोरला, त्यो जागा राह्यचा. त्याला सगळा म्हाईत हाय."

"वाटणी मोजली कोणी होती?" मी विचारलं.

मालनबाईंनी ओंजळभर शेंगदाणे माझ्या हातात ओतले. "खा," त्या म्हणाल्या. "लई वाळलाय तू."

चौकट ६

ऑफिसात जुना नकाशा पाहायला मिळत नाही. नक्कल मागावी लागते. मी अर्ज लिहिला. अर्ज घेण्याचं टेबल त्या आठवड्यात माझ्याकडे होतं, म्हणून मीच तो घेतला. त्यावर ओळखपत्राची प्रत नव्हती. मी मला तोंडी ताकीद दिली आणि अर्ज परत केला. प्रत जोडून पुन्हा अर्ज केला. अभिलेख कक्षाने कळवलं की सदर नकाशा जीर्ण असल्याने मूळ भूकरमापकाचा अभिप्राय घ्यावा. मूळ भूकरमापक कोण ते नकाशा पाहिल्याशिवाय कळत नव्हतं आणि अभिप्रायाशिवाय नकाशा दाखवता येत नव्हता. शेवटी शिपायाने जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं, गठ्ठा काढला आणि म्हणाला, "घ्या, बघा आन परत ठेवा."

उजव्या कोपऱ्यात माझी सही होती. नव्या नोकरीतली, मोठ्या फराट्याची.

शेकडो मोजण्यांखाली गाडलं गेलेलं सगळं मग आठवलं. उन्हाळा. साखळी ओढून ओढून हात सोललेले. बांधावर एक पेरूचं झाड, त्याच्या सावलीत मालनबाई आणि त्यांनी माझ्यापुढे केलेले चार पेरू. भावाबहिणीच्या वाटणीच्या हद्दीचा दगड जिथे गाडायचा तिथेच मुंग्यांचं भलंमोठं वारूळ होतं. मी दगड दीड हात पलीकडे गाडला. दीड हाताने काय होतं? पंचांच्या सह्या झाल्या. मी पेरू खिशात घालून निघालो.

दीड हाताने पेरूचं झाड भावाच्या वाटणीतून बहिणीच्या वाटणीत गेलं होतं. आमच्या खात्यात आजवर कोणी चूक केलेली नाही. चूक नेहमी लगतच्या कब्जेदाराची असते. ही पहिलीच असावी आणि ती माझी होती. मालनबाई बावीस वर्षं स्वतःच्या जिभेला दोष देत होत्या. मी साधा एक चहाही न सोडता जगत होतो.

चौकट ७

शनिवारी पुंजाभाऊंना, म्हणजे कागदावरच्या पुंजारामांना, शोधायला राहात्याकडे निघालो. प्लास्टर निघायला पाच दिवस होते.

मी वाट चुकलो.

चौकट ७/१

हे मी एका वेगळ्या चौकटीत लिहितो, कारण ते मला अजून पटलेलं नाही. राहाता मला तळहातासारखं माहीत आहे. मोठ्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रांगेने चालले होते म्हणून मी आतल्या रस्त्याला वळलो. रस्त्याचा गाडीरस्ता झाला, गाडीरस्त्याची पाऊलवाट झाली आणि पाऊलवाट एका पेरूच्या बागेत शिरून नाहीशी झाली. मोबाईलला रेंज नव्हती. स्कूटर ढकलत मी पुढे गेलो.

ती बाग संपली तिथे दुसरी सुरू झाली. मधे कुंपण नाही, बांध नाही. हल्ली पेरूंना फोमच्या जाळीच्या पांढऱ्या टोप्या घालतात. हजारो पेरू टोप्या घालून झोपले होते. पानांतून गाळून हिरवा उजेड पडत होता, माझ्या हातावर, स्कूटरच्या आरशावर. थंडीतलं ऊन असूनही ते कोमट पाण्यासारखं वाटत होतं. कुठूनसा थेंब-थेंब ठिबकचा आवाज. मी घड्याळ पाहिलं, साडेअकरा. बऱ्याच वेळाने पाहिलं, पावणेबारा. एक निळी पाण्याची टाकी मला तीन वेळा भेटली. तिसऱ्यांदा तर ओळखीची असल्यासारखी वाटली.

पहिला माणूस म्हणाला, पुंजाराम का, उजव्या हाताला. दुसरी एक बाई फांदीआडून म्हणाली, डाव्या हाताला. तिसरा झाडावर होता. तो काहीच बोलला नाही, मग उडून गेला. तो पोपट होता.

मी एका झाडाखाली बसलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी जमिनीवर बसून वर पाहत होतो. झाड गोल नव्हतं. त्याला खालून खोड होतं, खोडाला साल होती, सालीचे पापुद्रे सुटून आत गुळगुळीत पिवळसर अंग होतं. आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर एक दगड होता, त्यावर माझ्या खात्याची खूण.

चौकट ८

"मोजनीवाले सायेब," मागून आवाज आला. "बावीस वर्सांत बुड लई वाढलं तुमचं. दगडाला बुड लावू नका, सरकायचा."

पुंजाराम काठी टेकून उभे होते. कमरेत वाकलेले, पण आवाज ताठ.

"तुम्ही ओळखलंत मला?"

"चार पेरू खिशात घालून गेल्ता तुमी. मानूस इसरंल, खिसा कसा इसरंल?"

मी उठलो, धूळ झटकली, आणि गोष्टीपासून सुरुवात केली. भाची, प्लास्टर, एकोणतीस पानं, चाराचा हिशेब. ते ऐकत राहिले.

"म्हणून शेवट हवाय," मी म्हटलं. "मालनबाई म्हणाल्या, तो फक्त तुम्हाला माहीत आहे."

पुंजारामांनी खाली बघितलं. काठीने एक वाळकं पान उलटं केलं.

"ती आजून तसं म्हनती?"

"हो."

"मी बी झोपायचो," ते म्हणाले. "काटंच काटं आलं की झोप लागायची. सकाळी तिला म्हनायचो, मला म्हाईत हाय. थोरला हुतो. काहीतरी म्हाईत आसाया नको?"

मला बिस्किटं आठवली. वर पोपट पेरू कुरतडत होते. या एकाच झाडाच्या पेरूंना टोप्या नव्हत्या.

"हे झाड तुम्ही राखत नाही?"

"माजं न्हाई. तिचं हाय. दगड बगा की." मग त्यांचा आवाज चढला. "झाडाचं काय न्हवतं, सायेब. आमी दोघांनी लावल्यालं झाड, ती नुसती म्हनली आसती तर मुळासकट दिलं आसतं. पर सख्ख्या बहिनीनं चार पेरू चारून सरकारी मानूस फोडला. मी हितंच हुतो, ह्या डोळ्यांनी बगितलं."

आता बोलायचं होतं. मी खात्याचा विचार केला, पेन्शनचा विचार केला, सहीच्या फराट्याचा विचार केला.

"त्यांनी मला फोडलं नाही," मी म्हणालो. "दगड जिथे हवा तिथे वारूळ होतं. म्हणून मी दीड हात पलीकडे गाडला. झाड तुमचंच आहे. चूक माझी. पेरू तर नंतर खाल्ले."

पुंजारामांनी काठीने दगडाभोवतीची माती उकरली.

"मुंग्या हुत्या?"

"होत्या."

"काळ्या का लाल?"

"लाल."

त्यांनी सुस्कारा सोडला. "लाल आसल्यावर मानूस काय करनार," ते म्हणाले. मग काठी झाडाला टेकवून बुंध्यापाशी हळूच बसले. "बावीस वर्सं. मुंग्यांपायी." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गोड हुते का?"

"फार."

"तिनं शेन घातलं हुतं ना आळ्यात," ते म्हणाले, आणि उपरणं डोळ्यांना लावलं.

चौकट ९

स्कूटरवर मागे पुंजाराम, त्यांच्या मांडीवर पेरूंची पिशवी. वाट तेच सांगत होते. दोनदा चुकवली. शिर्डीकडे वळलो, परत फिरलो, उसाच्या ट्रॅक्टरमागे तासभर रांगलो. देवळाली प्रवऱ्यात पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि ऊन अजून चांगलं लख्ख होतं.

मालनबाईंच्या अंगणाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आहे. पुंजाराम कुंपणाशी थांबले. मी म्हटलं, चला. ते हलले नाहीत.

"जाऊ का माघारी?" ते म्हणाले.

"आता पोचलोय आपण."

"तुमी जा म्होरं. सांगा, पेरू आनल्यात म्हनून."

"तुम्हीच सांगा. हाक मारा."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. पुंजारामांनी मान वर केली. तोंड उघडलं. आणि मिटलं. पुन्हा उघडलं. या जागेच्या पुढे मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो.

"ए ठके!" ते ओरडले.

भांड्यांचा आवाज थांबला.

काहीच झालं नाही. एक कोंबडी कुंपणातून इकडून तिकडे गेली. मग दारात मालनबाई आल्या, हात राखेने भरलेले. धूसर डोळ्यावर त्यांनी मनगट धरलं.

"मला ठकी म्हननारा एकच मुडदा हुता," त्या म्हणाल्या. "त्यो वाट चुकला."

"आलोय की."

"दिसा आलास? बरा गावला तुला रस्ता."

"ह्या सायेबानं आनलं. त्यो बी चुकतोय. ठके, तुज्या गोष्टीनं न्हाई गं काय झालं. मुंग्या हुत्या. लाल."

ते कुंपणातून वाकून आत आले. पिशवी पुढे केली. मालनबाईंनी राखेच्या हातानेच एक पेरू घेतला, दाबला, नाकाशी धरला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि मला वाटलं आता त्या रडणार.

"कच्चा हाय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्सांनी आलास आन कच्चं आनलं." आणि मग खरंच रडल्या.

चौकट १०, ११, १२

पान तीस : झाड, दगड, मुंग्या. पान एकतीस : स्कूटरवरचे दोघे. पान बत्तीस : कुंपण आणि उघडं तोंड. ही तीन पानं मी दोन दिवसांत काढली. काढताना लक्षात आलं की मी वर नव्हतो. मी पुंजारामांच्या मागे, जमिनीवर उभा होतो. राजकन्या पेरूतून बाहेर येते तिथे तिला तोंड आलं. साठ-पासष्ट सुरकुत्या, एक धूसर डोळा, कानात बुगडी. परीकथेतली राजकन्या इतकी म्हातारी कशी, असं कानिफनाथांनी जिन्यात विचारलं. मी म्हटलं, भावाला यायला उशीर झाला.

पण राजनंदिनीने फोनवर सांगितलं की मुंग्यांना त्यांचं वेगळं पान हवं, कारण सगळं त्यांनीच केलं. ते बरोबर होतं. पानं तेहतीस झाली.

हैदरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब," ते म्हणाले, "बत्तीसचे तेहतीस केलेत. आता छत्तीस लागतील. आणखी तीन पानं आणा."

"माझी गोष्ट संपली."

"मग काय छापू?"

मी विचार केला. मग तीन कोरी पानं जोडली आणि पहिल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलं : "ही पानं झोपण्यासाठी." हजर होताना मी पुस्तकाची एक प्रत पुरावा म्हणून जोडली. साहेबांनी शेरा मारला : "पाहिले. कोऱ्या पानांबाबत खुलासा करावा." दीड हाताच्या दुरुस्तीचा अहवालही मी सादर केलाय. तो माझ्याच टेबलावर माझ्याच अभिप्रायासाठी परत आलाय.

शेवटची चौकट

गुरुवारी सकाळी प्लास्टर निघालं आणि दिवेलागणीला आम्ही सगळे देवळाली प्रवऱ्याला जमलो. मालनबाईंनी स्वतः समई लावली, बाहेर डोकावून ऊन गेल्याची खात्री केली. मग मी पुस्तक वाचायला घेतलं. उजवीकडे मालनबाई, डावीकडे भिंतीला टेकून पुंजाराम, माझ्या मांडीवर राजनंदिनीचा नवा, पांढरा, अशक्त पाय.

तिसऱ्या बागेत पूजा घोरायला लागली. पाचव्या बागेत मालनबाईंची मान कलली. सहाव्या बागेत काटंच काटं आलं आणि पुंजारामांची काठी हळूच जमिनीवर घसरली. सातव्या बागेत हिरवा उजेड पडला. मी शेवट मोठ्याने वाचला, हाकेसकट. कोणी हललं नाही. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवर कुठलंसं गाणं लांब जात होतं. मी पहिलं कोरं पान उलटलं, मग दुसरं. तिसऱ्याचं मला आठवत नाही.

सकाळी पुंजाराम आणि मालनबाई ओट्यावर बसून भांडत होते, हाक दोनदा मारली का एकदा. राजनंदिनी शेंगदाणे खात होती.

"तू तरी शेवटपर्यंत जागी होतीस का?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मला सगळं माहीत आहे."

तिच्या गालावर पुस्तकाच्या कडेचा वळ उमटलेला होता. मी त्याची मोजणी केली नाही. खिशातलं बिस्किट काढून तिला दिलं.